‘प्लीज स्पीक’: मुख्यमंत्र्यांना एका निवृत्त अधीक्षकेचे पत्र

माननीय मुख्यमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

सप्रेम नमस्कार.

मी ३३ वर्षे सरकारी नोकरी केली. एलडीसी म्हणजे कनिष्ठ कारकून म्हणून लागले, कार्यालय अधीक्षक म्हणून घरी आले. या काळात माझ्या टेबलावरून नऊ खातेप्रमुखांच्या फायली गेल्या. कार्मिक खाते आपल्याकडेच आहे, म्हणून हे पत्र दुसऱ्या कुणाला न लिहिता आपल्याला लिहिते आहे. मागणी एकच आहे. संचालक, मुख्य अभियंता, अवर सचिव, उपजिल्हाधिकारी अशा जागांवर जाणाऱ्या माणसांना निर्णय घ्यायला आणि माणसे सांभाळायला शिकवा, आणि तेही खुर्चीत बसण्याआधी.

एका फायलीची गोष्ट सांगते. खात्याचे नाव लिहीत नाही. त्याची गरजही नाही, कारण अशी फाईल कुठल्याही खात्यात सापडेल.

आमच्याकडचा एक कामगार नोकरीत असताना वारला. त्याच्या बायकोचे कुटुंब निवृत्तिवेतन अडले, कारण सर्व्हिस बुकात १४ महिन्यांच्या सेवेची पडताळणी झालेली नव्हती. चूक आमच्या कार्यालयाची, त्या माणसाची नव्हे. अशा वेळी काय करायचे ते तेव्हाच्या, १९७२ च्या पेन्शन नियमांत स्पष्ट होते: पगाराची बिले, पगारवाटपाच्या सह्यांचे कागद पाहून कार्यालयप्रमुखाने ती सेवा ग्राह्य धरावी. मी रेकॉर्ड रूममध्ये तीन दिवस बसले. पावसाच्या ओलीने गठ्ठे एकमेकांना चिकटले होते, काहींना वाळवी लागली होती. तरी चौदाच्या चौदा महिन्यांची बिले सापडली. प्रत्येक बिलावर त्याचा अंगठा होता. खुणेच्या चिठ्ठ्या लावून, नियम उद्धृत करून मी फाईल वर पाठवली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. समासात हिरव्या शाईने दोन शब्द होते: ‘प्लीज स्पीक’.

मी जाऊन बोलले. साहेब म्हणाले, बघू. मग शेरा आला, ‘पुन्हा तपासून सादर करा’. मग ‘अकाउंट्सचे मत घ्या’. ते आले, तेव्हा ‘कायदा खात्याचे मत घ्या’. कायदा खात्याने लिहिले की नियमात अधिकार कार्यालयप्रमुखालाच आहे, आमच्या मताची गरज नाही. त्यावर पुन्हा ‘प्लीज स्पीक’. असे ११ महिने गेले. ती बाई सत्तरी तालुक्यातून कदंबची बस पकडून दर महिन्याला यायची आणि कापडी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसायची. मला बघितले की उठून उभी राहायची आणि विचारायची, “आनी कितें हाडूं गे बाये?” आणखी काही आणायचेच नव्हते. जे हवे होते ते सगळे फायलीत होते.

हे साहेब वाईट होते असे कुणी समजू नये. कंत्राटदाराच्या पैशाचा चहासुद्धा त्यांनी कधी घेतला नाही. इंजिनिअर म्हणून एक नंबर. नकाशावर नजर टाकली की तुळई कुठे कमी पडते ते सांगत. पण या सहीवर उद्या ऑडिटचा पॅरा, म्हणजे आक्षेप, निघाला तर, ही भीती त्यांच्या पोटात होती आणि ती बाजूला ठेवून सही कशी करायची हे त्यांना कुणी कधी शिकवले नव्हते. ते निवृत्त झाले. नवे साहेब आले. त्यांनी बिले मागवली, अर्धा तास वाचली, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. थकबाकी हातात पडल्यावर ती बाई माझ्यासाठी घरच्या रातांब्यांची सोलं घेऊन आली. मला ती घेताना लाज वाटली. ११ महिने तिच्या घरात चूल कशी पेटली असेल, हे आम्ही कुणीच विचारले नव्हते.

आपल्याकडे खातेप्रमुख कसा होतो ते आपण जाणताच. चांगला इंजिनिअर ज्येष्ठतेने मुख्य अभियंता होतो, चांगला डॉक्टर संचालक होतो, चांगला शिक्षक शिक्षण खात्यात वर चढतो. डीपीसी म्हणजे पदोन्नती समिती बसते, गोपनीय अहवाल पाहिले जातात, आदेश निघतो. शुक्रवारपर्यंत जो माणूस फक्त स्वतःच्या विषयाचे काम करत होता, त्याच्या हाताखाली सोमवारी ४०० माणसे, कोट्यवधींचे अंदाजपत्रक, दोन डझन कोर्ट केसेस आणि विधानसभेचे तारांकित प्रश्न येतात. ड्रायव्हरला गाडी देण्याआधी आपण लायसन्स बघतो. इथे चावी थेट हातात देतो.

आयएएस अधिकाऱ्यांचे तसे नाही. नोकरीच्या ठरावीक टप्प्यांवर त्यांना मसुरीच्या अकादमीत परत बोलावून शिकवतात. पण आपले केडर अरुणाचल, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांबरोबर सामाईक आहे. आज पर्वरीत असलेले सचिव उद्या दिल्लीत किंवा इटानगरला असतात. गोव्यात जन्मभर राहतात ते गोवा नागरी सेवेतले अधिकारी आणि खात्यांचे प्रमुख. राज्याचा गाडा तेच ओढतात आणि शिक्षण सगळ्यांत कमी त्यांच्याच वाट्याला येते.

आपल्याकडे संस्था नाही असेही नाही. जुने गोव्याला एला येथे जिपार्ड ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे. तिथे जाण्यासाठी नावे मागवणारी परिपत्रके मी वर्षानुवर्षे हाताळली. परिपत्रक आले की वरून एकच प्रश्न यायचा: सध्या मोकळा कोण आहे? जो मोकळा, तो प्रशिक्षणाला. ज्याला खरी गरज, तो कामात बुडालेला, म्हणून तो कधीच नाही. एकदा वरिष्ठांसाठी दोन दिवसांचा वर्ग होता. मी मदतीला मागे बसले होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. एकेकाचा फोन वाजायचा, तो दबक्या आवाजात “येस सर, लगेच येतो” म्हणायचा आणि बाहेर जायचा. शिकवणाऱ्या बाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी शेवटचे सत्र सात जणांसमोर घेतले आणि मन लावून घेतले.

२००८ साली दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने आपल्या दहाव्या अहवालात म्हटले होते की प्रत्येक सरकारी नोकराला नोकरीच्या सुरुवातीला आणि पुढेही वेळोवेळी प्रशिक्षण सक्तीचे असावे, आणि ते यशस्वीपणे पूर्ण केल्याशिवाय पदोन्नती मिळू नये. २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने वेतनाच्या तरतुदीपैकी किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी राखून ठेवायला सांगितले. २०२० साली केंद्राचे मिशन कर्मयोगी आले आणि अभ्यासक्रम मोबाईलवर मिळू लागले. नियम, खरेदीची पद्धत, संगणक हे मोबाईलवर उत्तम शिकता येते. आमच्या कार्यालयातल्या मुली घरी चपात्या लाटतानाही ऐकत. पण समोर घाबरून उभ्या असलेल्या कारकुनाकडून खरी माहिती कशी काढावी, मंत्र्यांना ‘हे नियमात बसत नाही’ हे कोणत्या शब्दांत सांगावे, दोन भांडणाऱ्या शाखांना एका टेबलाशी कसे बसवावे, हे पडद्यावर येत नाही. ते माणसासमोर माणूस बसूनच शिकतो.

मी हे पाहिले आहे म्हणून लिहिते. नोकरीच्या चौथ्या की पाचव्या वर्षी मला एक साहेब लाभले. ते साडेनऊच्या ठोक्याला यायचे आणि केबिनमध्ये जाण्याआधी प्रत्येक टेबलाशी एक मिनिट थांबायचे. एका निविदेच्या बाबतीत माझे मत त्यांच्याविरुद्ध होते. मी गप्प राहिले. त्यांनी ते ओळखले. म्हणाले, “बाई, तुमचे म्हणणे तोंडी सांगू नका, फायलीवर लिहा. मला पटले नाही तर खाली तसे मी लिहीन. उद्या विचारणा झाली तर ती मला होईल.” मी लिहिले. त्यांनी माझे मत खोडले नाही. खाली सहा ओळींत स्वतःचा निर्णय कारणासकट लिहिला आणि सही केली. त्या दिवसापासून आमच्या शाखेत कुणी खोटे गप्प राहिले नाही. बदली झाली तेव्हा त्यांनी आठ पानी टिपण मागे ठेवले: कोणते काम कुठे अडले आहे, कुणाला काय शब्द दिला आहे, कोणता कर्मचारी कोणत्या कामात हुशार आहे. नव्या साहेबांना पहिल्या आठवड्यात काही विचारावे लागले नाही. हे कुठे शिकलात असे मी त्यांना एकदा विचारले. म्हणाले, माझ्या साहेबांकडून. म्हणजे नशीब. ज्याला चांगला साहेब मिळाला तो चांगला साहेब होतो. गोव्याचा कारभार किती दिवस नशिबावर ठेवायचा?

म्हणून माझे मागणे असे. ज्याचे नाव पदोन्नतीसाठी पुढे आले आहे त्याला आदेशाआधी चार आठवडे मोकळे करा. पहिला आठवडा त्याने दुसऱ्या तालुक्याच्या मामलेदार कचेरीत, पंचायतीत, आरोग्य केंद्रात खिडकीच्या आतल्या बाजूला बसावे आणि नंतर बाहेरच्या रांगेत उभे राहावे. लोकांना ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाव्यात म्हणून आपल्या राज्याने २०१३ साली कायदा केला. ती मुदत कुठे चुकते ते रांगेत उभे राहिल्यावरच कळते. आपण २०२० साली स्वयंपूर्ण मित्र नेमून राजपत्रित अधिकाऱ्यांना पंचायतींत पाठवले. त्यातले काही जण परत आल्यावर वेगळेच बोलू लागले, हे मी कार्यालयात बसून ऐकले आहे. म्हणजे हे आपल्याकडे होऊ शकते.

उरलेले तीन आठवडे वर्गात. पण प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातली एक अडलेली खरी फाईल बरोबर आणावी आणि इतर खात्यांच्या अधिकाऱ्यांपुढे ती सोडवून दाखवावी. साखळीजवळ पर्येला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, तिथले प्राध्यापक बोलवा. निवृत्त चांगले अधिकारी बोलवा. २०२१ च्या जुलैत सत्तरीत म्हादईला पूर आला, त्या रात्री ज्यांनी कागदाची वाट न पाहता माणसे हलवली त्यांना बोलवा आणि सांगायला लावा की तो निर्णय कसा घेतला. आणि सहा महिन्यांनी त्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या पाच जणांना, नाव न घेता, विचारा: साहेबांना वाईट बातमी सांगता येते का? या एका प्रश्नाचे उत्तर मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांगेल.

आता जे लिहायला मला दोन दिवस लागले ते लिहिते. त्या दोन दिवसांच्या वर्गातून अधिकारी उठून गेले, कारण वरून फोन आले. ते फोन मंत्र्यांच्या कार्यालयांतून येतात. त्या चार आठवड्यांत कुणाही मंत्र्याने, आमदाराने त्यांना फोन करायचा नाही, असे आपण मंत्रिमंडळात सांगा. आणि शिकून आलेल्या अधिकाऱ्याने नियमाला धरून नकार दिला, तर आठवड्याच्या आत त्याची बदली होऊ देऊ नका. माझ्या त्या इंजिनिअर साहेबांची भीती ऑडिटची होती, पण सगळीच नव्हती. एकदा खरा निर्णय घेतल्यावर त्यांना एका रात्रीत हलवले होते. ते त्यांनी मला निवृत्तीच्या दिवशी सांगितले, हार गळ्यात असताना.

आपण असा वर्ग सुरू केलात तर ‘प्लीज स्पीक’वाल्या त्या फायलीची गोष्ट सांगायला मी डिचोलीहून एलाला येईन. मानधन नको. बाईचे नाव सांगणार नाही, पण ती बिले कशी शोधली आणि कोणत्या नियमाखाली सही करता आली असती, ते कागद घेऊन दाखवीन.

आपली,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक
डिचोली