१२ मे ला डोरोथीबाईंसाठीही थोडी जागा ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.

दरवर्षी १२ मे ला परिचारिका दिनाच्या बातम्या येतात, नर्सताईंचे फोटो येतात, ते यायलाच पाहिजेत. पण त्याच तारखेला १९१० साली कैरोमध्ये डोरोथी हॉजकिन ही इंग्रज केमिस्ट जन्मली, आणि तिच्याबद्दल मी तरी आपल्याकडच्या पेपरात आजवर एक ओळ वाचली नाही. म्हणून लिहितेय.

माझी आई ७४ वर्षांची, आमचं घर नागपूरच्या महाल भागात. तिला शुगर आहे आणि संधिवातही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की चालू असलेलं इन्सुलिनचं पेन आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवतो. बोटं वाकडी झाल्यामुळे तिला अंगठ्यानं बटण दाबता येत नाही, मग ती पेन पोटाला लावते आणि तळहाताच्या गादीनं बटण दाबून दहा आकडे मोजेपर्यंत तशीच बसून राहते. मागच्या उन्हाळ्यात एकदा म्हणाली, "कोनं शोधलं असंन गं हे?"

शोध टोरांटोचा, १९२१ चा, बँटिंग आणि बेस्ट यांचा, हे मला पाठ होतं. पण ते इन्सुलिन आतून दिसतं कसं, त्याचा कोणता अणू कुठं बसलाय, हे दाखवलं डोरोथीबाईंनी. इन्सुलिनच्या स्फटिकाचा पहिला एक्स-रे फोटो त्यांनी १९३५ मध्ये काढला आणि पूर्ण रचना हाती आली १९६९ मध्ये. ३४ वर्षं! फोटोत नुसते ठिपके दिसतात, ठिपक्यांच्या जागा आणि ते किती गडद आहेत ते मोजून गणित करत करत अणूंच्या जागा काढायच्या, आणि इन्सुलिनच्या एका रेणूत अणू जवळपास ८००, सुरुवातीला कॉम्प्युटरही नाही. शेवटच्या टप्प्यात त्यांच्या टीममध्ये आपल्या केरळचे एम. विजयन होते, जे पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मोठे शास्त्रज्ञ झाले. आज जेवणाच्या वेळी घ्यायचं झटपट काम करणारं इन्सुलिन मिळतं, ते घडवताना ही रचना माहीत असणं फार कामी आलं.

मधल्या काळात बाई काही रिकाम्या बसल्या नव्हत्या. महायुद्ध चालू असताना पेनिसिलिनवर काम केलं, १९४५ पर्यंत त्याची रचना काढली, नंतर बी-१२ ची, जे इंजेक्शन आपल्याकडे अशक्तपणा आला, मुंग्या आल्या की डॉक्टर लिहून देतात तेच. १९६४ ला केमिस्ट्रीचं नोबेल एकटीला मिळालं, आणि ब्रिटनमधल्या बाईला विज्ञानाचं नोबेल हे आजपर्यंत तेवढं एकच. तिकडच्या एका पेपरानं तेव्हा हेडिंग दिलं, ऑक्सफर्डच्या गृहिणीला नोबेल. मला ते वाचून फार राग आला, अजूनही येतो. शाळेत केमिस्ट्री फक्त मुलांना शिकवायचे तेव्हा हिला आणि अजून एका मुलीला मुलांच्या वर्गात बसायची परवानगी मिळाली होती, तिथून ही इथपर्यंत आलेली.

आणि जे मला आईला सांगायचंच होतं ते असं की डोरोथीबाईंनाही संधिवात होता, २४ व्या वर्षीच निदान झालं. पहिल्या बाळंतपणानंतर तर हात इतके बिघडले की एक्स-रे मशीनचा मेन स्विच दाबता येईना, तर त्यांनी स्विचला दांडा बसवून घेतला आणि काम पुढे चालू. हे ऐकून आई आपल्या तळहाताकडे बघत राहिली, मग म्हणाली, "म्हंजे माह्यासारखंच की."

आमच्या भागातल्या एका शाळेत महिला शास्त्रज्ञांचा तक्ता लावलाय, त्यात मेरी क्युरी आहेत आणि पुढं जागा रिकामीच. केमिस्ट्रीला घाबरणाऱ्या कितीतरी मुली आपल्या नागपुरात असतील, त्यांच्या घरात कोणीतरी हेच इन्सुलिन घेत असेल.

तर विनंती एवढीच, येत्या १२ मे ला परिचारिकांच्या बातमीशेजारी डोरोथीबाईंवर अर्धा कॉलम द्या. शिल्पकार हेन्री मूर यांनी त्यांच्या हातांची चित्रं काढलीयत, वाकड्या बोटांसकट, परवानगी मिळाली तर त्यातलं एक मोठं छापा. आईला मोबाईलवर दाखवलं होतं पण तिला तेवढ्या बारीक स्क्रीनवर नीट दिसत नाही.

आपली नियमित वाचक,
महाल, नागपूर