आकडा उतरला म्हणून विष गेलं असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरजवळच्या पीथमपूरला जाळलेल्या युनियन कार्बाइडच्या कचऱ्यावर तुमच्याकडे पत्रांचा ढीग असेल, त्यात हे आणखी एक. पण मला जळलेल्या मालाबद्दल बोलायचं नाहीये. भोपाळहून जानेवारी 2025 मधे आलेला तो 337 टन कचरा जूनअखेर जाळून झाला, तो निदान बांधून ठेवलेला तरी होता. भोपाळला कारखान्याच्या आवारातली माती आणि तिच्या खालचं पाणी मात्र अजून तिथंच आहे, त्या पाण्यात एचसीएच (हे कीटकनाशक, म्हणजे फवारणीचं औषध) आणि क्लोरोबेन्झिन हे विषारी रसायन सापडलंय आणि कारखाना बंद होऊन 40 वर्षांहून जास्त झालीत.

आता होतं काय, की बोअरिंगचं पाणी तपासतात, पावसाळ्यानंतर त्यातल्या औषधाच्या प्रमाणाचा आकडा खाली येतो आणि लगेच कुणीतरी म्हणतं की बघा, निसर्ग आपोआप साफ करतोय. अहो, वरणात तांब्याभर पाणी ओतलं की ते अळणी लागणारच, म्हणून मीठ काय उडून गेलं? आकडा पाणी मिसळल्यामुळे उतरतो, औषध मातीला चिकटून बसल्यामुळे उतरतो, किंवा जिवाणूंनी ते खरंच तोडल्यामुळे, आणि नुसत्या प्रमाणाच्या रिपोर्टात तिन्ही सारखंच दिसतं.

मी बरीच वर्षं इथे इंदूरला केमिस्ट्री शिकवली (घरचे म्हणतात अजून शिकवणं सुटलं नाही) म्हणून सांगतो, हे वेगळं ओळखता येतं. कार्बनचे दोन स्थिर आयसोटोप, म्हणजे वजनात किंचित फरक असलेले अणू असतात, हलका 12 वाला जवळपास 99 टक्के आणि जड 13 वाला साधारण 1.1 टक्का, दोन्ही किरणोत्सर्गी नाहीत, घाबरायचं कारण नाही. जो बंध तुटायचा तिथे हलका कार्बन असेल तर रेणू जरा लवकर तुटतो, जड असेल तर किंचित मागे राहतो, त्यामुळे विघटन जसजसं पुढे जातं तसतसा उरलेल्या औषधात 13 चा वाटा वाढत जातो. पाणी मिसळून तो वाटा बदलत नाही, मातीला चिकटूनही फारसा नाही. म्हणजे प्रमाण उतरलं आणि 13 वाढला तर काहीतरी खरंच तुटतंय, प्रमाण उतरलं आणि 13 जागचा हलला नाही तर माल बहुधा फक्त पातळ झालाय नाहीतर सरकलाय. जर्मनीत बिटरफेल्डच्या जुन्या केमिकल पट्ट्यात एचसीएचसाठी हे करून झालंय. अ‍ॅट्राझिनसारख्या तणनाशकात नायट्रोजनच्या हलक्या-जड अणूंचं गुणोत्तरही सोबत मोजतात, मग ते कुठल्या वाटेने तुटलं याचाही अंदाज येतो.

पद्धत स्वस्त नाही आणि प्रत्येक कॉलनीच्या बोअरिंगसाठी तर नाहीच. पिण्याच्या पाण्यात अल्फा एचसीएचची भारतीय मर्यादा लिटरला 0.01 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे त्या पातळीवर तपासणीसाठी एक मायक्रोग्रॅम माल गोळा करायचा तर 100 लिटर पाणी गाळावं लागेल! शिवाय तुटलं म्हणजे निर्धोक झालं असंही नाही, एचसीएच तुटताना क्लोरोबेन्झिनच तयार होऊ शकतं. आणि पीथमपूरच्या राखेतल्या धातूंना ही चाचणी लागूच नाही, धातू काही विघटित होत नाहीत.

तरी भोपाळला जिथे प्रदूषण जास्त आहे तिथल्या ठरावीक विहिरी आणि हातपंपांवर हे करायलाच हवं, वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर. त्यासाठी तुलनेला 12 आणि 13 चं सुरुवातीचं गुणोत्तर लागतं, म्हणजे अजून न तुटलेला मूळ माल, आणि तो मिळण्याची आशा आवारातल्या पुरलेल्या ढिगांतच आहे. उद्या माती उचलायचा आदेश निघाला आणि सगळी एका दमात ट्रकवर चढली तर तुलनेला काही उरणार नाही. म्हणून उचलायच्या आधी जागोजागचे नमुने काचेच्या बरणीत सीलबंद करून थंड जागी ठेवा, तपासणी पुढल्या वर्षी झाली तरी चालेल. एवढं तुमच्या भोपाळच्या बातमीदाराने संबंधितांना विचारावं, नमुने ठेवताय का आणि कुणाकडे.

आपला,
एक जुना वाचक, लोकमान्य नगर, इंदूर