रिपोर्ट चोपड्यात, ओटीपी सुरतेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चोपड्यात माझे औषधाचे दुकान आहे. डॉक्टरांकडून निघालेला पेशंट थेट आमच्याकडे येतो, त्यामुळे रिपोर्ट वाचून दाखवण्याचे कामही आपसूक काउंटरवर येऊन पडले आहे. ‘भाऊ, मनी साखर वाढनी का?’ म्हणत आजीबाई मोबाइल पुढे करतात. लॅबने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली पीडीएफ असते. सगळी इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढे. मागच्या वेळी किती होती, असे विचारले तर ‘तो कागद घरमा शे’. मग वाढली की उतरली, हे एका आकड्यावरून सांगायचे कसे?

आरोग्याची माहिती ज्याची त्याच्या हाती देण्याची भाषा सध्या जोरात आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि ‘आभा’ या आरोग्य खात्याचा १४ आकडी क्रमांक आला. चोपड्यातला जुना रिपोर्ट जळगावच्या डॉक्टरला दिसावा, यात वाईट काहीच नाही. पण ही सगळी मांडणी माणशी एक मोबाइल गृहीत धरून केलेली दिसते. आपल्याकडे आईच्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला असतो आणि मुलगा सुरतेला कामाला. रिपोर्ट दाखवायची संमती द्यायची आईने, ओटीपी वाजतो तिकडे. तो पाळीवर असला की फोन उचलत नाही. इकडे मागे रांग लागलेली. शेवटी आजीच म्हणते, राहू द्या.

सातपुड्याच्या पायथ्याला तर प्रश्न आणखी अवघड आहे. तिकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी त्यात ठरली. तपासणी व्हायलाच हवी. मात्र आपण ज्याला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतो, ती एचबीएवनसी तपासणी रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. सिकलसेलच्या रुग्णात या पेशी लवकर मरतात. साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही, त्यामुळे आकडा खोटाच कमी येऊ शकतो. रिपोर्ट दाखवणाऱ्या अ‍ॅपला सिकलसेलचा रिपोर्ट ठाऊकच नसेल, तर ते ‘सगळे ठीक’ असा हिरवा ठिपका दाखवून मोकळे! पेशंट खूश होऊन गोळी बंद करतो, आणि ते आम्हाला कळते तो पुढची चिठ्ठी घेऊन येतो तेव्हा.

त्यात मुलगी सिकलसेलची ‘वाहक’ असल्याचा रिपोर्ट घरातल्या एकुलत्या एक मोबाइलवर आला, की तो काका-मामांपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे पाहतात. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे सोयरिकीच्या बैठकीत कोण समजावत बसणार? असा रिपोर्ट तिला समोर बसवून, समजावून हातात द्यावा. फोनवर पाठवायचा तर आधी तिला विचारावे. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना मराठीत मागण्याची तरतूद आहे, हे चांगले झाले. पण पाड्यावरच्या पावरा आदिवासी बाईला मराठीही कुणीतरी वाचूनच दाखवावी लागते. तिला ऐकू येईल अशी सोय हवी, तीही पावरीत. (मनगटी घड्याळात पावले मोजणाऱ्यांची हौस त्यांना लखलाभ, दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला पावलांचा हिशोब काय करायचा?)

अ‍ॅप करणाऱ्यांनी एखाद्या बाजाराच्या दिवशी आमच्यासारख्यांच्या काउंटरशी दोन तास उभे राहावे. ते होईल तेव्हा होईल. तोवर जिल्ह्यातल्या लॅबवाल्यांनी एवढे तरी करावे: साखरेचा आकडा मोठ्या मराठी अक्षरांत छापावा, उपाशीपोटी की जेवणानंतर ते शेजारी लिहावे आणि त्याच पेशंटचे मागचे दोन आकडे खाली द्यावेत. नेहमीचा पेशंट असेल तर ते त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असतातच.

– एक औषधविक्रेता, चोपडा (जि. जळगाव)