उशाखालची किल्ली

सांगली,
९ जून

प्रिय पम्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि तू अजून कंपनीच्या बसमध्येच होतास. बोलता बोलता म्हणालास, "चालणं पुन्हा सुटलं रे. माझ्यात चिकाटीच नाही." फोन ठेवला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. फोनवर काही बोललो असतो तर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहायला बसलोय.

आधी माझं सांगतो. हे तुला कधी बोललो नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या बँकेच्या शाखेच्या तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे होती. रोकड दोघांच्या ताब्यात असते, दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. माझी किल्ली मी उशाखाली घेऊन झोपायचो. रात्री दोन-अडीचला जाग यायची, हात आपोआप उशाखाली जायचा. किल्ली लागायची, थंडगार, दातेरी. ती जागेवर आहे हे कळूनही झोप मात्र उडालेली असायची. कोणत्या कर्जखात्याचं नूतनीकरण राहिलंय, एटीएमचा हिशेब का जुळत नाही, ऑडिटवाले कुठली फाइल मागतील, पहाटेपर्यंत हेच. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी आहे. त्यातले कितीतरी शनिवार मी शाखेतच काढले. आणि खरं सांगू, मला त्याचा अभिमान वाटायचा. 'आराम हराम आहे' हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. मान मोडून राबतो तो खरा माणूस, वेळेवर घरी जातो तो कामचुकार, हे आपल्या हाडात मुरलंय. ताण नसला तर आपण कमी पडतोय अशी भीती वाटायची मला.

मार्च एंड उरकला आणि एप्रिलमध्ये काउंटरवरच चक्कर आली. बीपी १६०/१०० निघालं.

त्यानंतर मी एकच गोष्ट सुरू केली. निघायच्या आधी पाच मिनिटं एक पाठकोरा कागद घ्यायचा आणि अर्धवट राहिलेली कामं लिहायची. नुसती यादी नाही, प्रत्येकापुढे उद्याचं पहिलं पाऊल. 'नूतनीकरण – सकाळी साडेदहाला सातबारा मागवणे.' बस, एवढंच. कागद ड्रॉवरमध्ये, ड्रॉवर बंद. यामागचं कारण मला नंतर वाचनात आलं. ब्ल्यूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी १९२७ मध्ये बर्लिनमधल्या प्रयोगांवरून मांडलं होतं की पुरी झालेली कामं आपण विसरतो, मधेच तुटलेली जास्त लक्षात राहतात. पुढे २०११ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की काम पुरं झालेलं नसलं तरी ते कधी आणि कसं करायचं हे नीट ठरवलं, की मन त्याचा पिच्छा बराचसा सोडतं. माझं मन रात्री दोनला मला उठवत होतं ते छळायला नव्हे रे. कोणी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून ते बिचारं आठवण ठेवत बसलं होतं.

पण नुसत्या कागदाने भागलं नाही, हेही सांगायला हवं. 'विचार बदला, सगळं बदलेल' असं सांगत फिरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तीसुद्धा कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणाचा परिणाम अशीच. आमच्या शाखेत चौघांचं काम दोघं करत होतो. ते मी साहेबांसमोर बसून, कागदावर मांडून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मदत मागितली. तळहात घामाने ओले झाले होते. तीन महिन्यांनी एक माणूस मिळाला आणि किल्ली पाळीपाळीने इतरांकडेही जाऊ लागली. तुलाही हे करावं लागेल, पम्या. रोज साडेअकरानंतर घरी पोचणाऱ्या माणसाने पहाटे साडेपाचला चालायला जायचं, यात चिकाटीचा प्रश्न कुठे येतो? झोपेचा येतो.

आता तुझ्या चालण्याचं. तू म्हणालास की एकवीस दिवस पुरे केले असतेस तर सवय लागली असती, पण पावसाने खंड पाडला. हा एकवीसचा आकडा कुठून आला माहीत आहे? एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातलं 'किमान' लोकांनी गाळलं आणि राहिलेलं सगळ्या सवयींना चिकटवलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, २०१० मध्ये तो छापून आला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही, असंही त्यात दिसलं.

आपण सवयीला व्रत समजतो. एक सोमवार मोडला की सगळे सोमवार वाया. तुझी आई थंडीत दही लावायची ते आठव. पातेलं कांबळ्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी लागलं नाही तर ओतून द्यायची का? झाकण ठेवायची आणि म्हणायची, "लागेल दुपारपर्यंत."

तेव्हा पहाटेचं सोड. जेवणाच्या सुट्टीत डबा झाला की शेडला एक फेरी मार, दहा मिनिटांची. डबा रोज असतोच, त्याच्या मागे चालणं बांधून टाक. पाऊस असला तर शेडच्या आतून. चुकलं तर दुसऱ्या दिवशी डब्यानंतर पुन्हा. आणि ओव्हरटाइमचं या महिन्यातच बोल, दिवाळीची वाट बघू नको. काय बोलायचं ते आधी लिहून मला पाठव, मी वाचून देतो.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी मी घरीच आहे. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघ. सकाळी आयर्विन पुलावरून पाणी बघत चालत जाऊ, मग जमलं तर दंडोबाला. भडंग आणून ठेवतो. वहिनींना आणि पोरांना घेऊन आलास तर हिला फार आनंद होईल, पुरणपोळीचं तिचं आत्ताच ठरलंय.

तुझा,
बाळू