आईच्या नोंदींवर लक्ष ठेवणाऱ्यांचे आभार
मधुमेह, उच्च रक्तदाब आणि दुर्बल हृदय हे सारे एकत्र सांभाळणाऱ्या माझ्या ७८ वर्षांच्या आईच्या वजन, रक्तदाब व साखरेच्या नोंदी रोज सकाळी दूरवरून तपासणाऱ्या परिचारिका भगिनींचे मी मनापासून आभार मानतो. ३ दिवसांत तिचे वजन २ किलोंनी वाढले, तेव्हा आम्हाला ते सणाचे जेवण वाटले. त्यांनी मात्र शरीरात पाणी साचत असल्याची शंका ओळखून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणे घडवले आणि औषधाची मात्रा वेळीच बदलली गेली. रक्तदाब मोजण्यापूर्वी ५ मिनिटे शांत का बसावे, हे कमी ऐकू येणाऱ्या आईला फोनवर न कंटाळता समजावणाऱ्या त्या आवाजाची ती आता वाट पाहते. या नोंदी मोबाइलवरून नेमाने पाठवणाऱ्या शेजारच्या मुलाचाही मी ऋणी आहे.