शोधण्याच्या आनंदाला औषधाची चिठ्ठी कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : दडलेल्या वस्तू शोधण्याच्या संगणकीय खेळांवरील लेख

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत संगणकावरील कोड्यांच्या खेळांविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, कारण चित्रात दडवलेल्या वस्तू हुडकण्याच्या खेळांबद्दल मराठीत कोणी सविस्तर लिहिल्याचे क्वचितच माझ्या पाहण्यात येते. आणि दुसऱ्यांदा काहीशा हिरमुसल्या मनाने, कारण अडीच स्तंभांच्या त्या मजकुरात हे खेळ खेळताना मजा येते, असे सांगणारे एकही वाक्य नव्हते. रोज वीस मिनिटे, शक्यतो सकाळी, स्मरणशक्ती शाबूत राहावी म्हणून, अशी ती शिफारस होती. काढ्याचे गुण सांगावेत त्याच सुरात एका करमणुकीचे गुण सांगितलेले पाहून हे पत्र लिहावेसे वाटले.

मी ३१ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. म्हणजे चुका शोधणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा होता, आणि निवृत्तीनंतर मी हौसेने पुन्हा शोधायलाच बसते याचे घरच्यांना हसू येते. ‘जन्मभर तेच केलेस, अजून हौस फिटली नाही का?’ असे विचारले जाते तेव्हा मी सांगते की दोन्हींत एक मोठा फरक आहे. मुद्रित तपासताना त्यात किती चुका आहेत हे कोणीही सांगत नाही. सतरा काढल्या तरी अठरावी असेल का, ही रुखरुख पुस्तक छापून येईपर्यंत आणि कधीकधी त्यानंतरही सुटत नाही. खेळात मात्र पडद्याच्या तळाशी यादी असते : बारा वस्तू. एक सापडली की तिचे नाव यादीतून खोडले जाते, आणि बारावे नाव गेले की काम खरोखरच संपते. ज्याने आयुष्यभर अनुस्वार आणि वेलांट्यांचा पिच्छा पुरवला आहे, त्यालाच ‘आता काही उरले नाही’ या खात्रीची खरी किंमत कळावी.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. पडद्यावर एक स्थिर चित्र असते, बहुधा अडगळीची खोली, बंद पडलेले दुकान, जुने ग्रंथालय किंवा जहाजाचा तळ. त्यात शेकडो वस्तू खच्चून भरलेल्या असतात आणि यादीतल्या नेमक्या वस्तूंवर क्लिक करायचे असते. अशी चित्रे छापील स्वरूपात फार पूर्वीपासून आहेत. संगणकावर या प्रकाराला मोठा वाचकवर्ग, नव्हे, खेळाडूवर्ग मिळाला तो २००५ साली, अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील बिग फिश गेम्स या कंपनीच्या ‘मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल’ या खेळापासून. त्यानंतरच्या वर्षांत त्यात रहस्यकथा आली, सापडलेली वस्तू पुढच्या दाराला किल्लीसारखी वापरण्याची सोय आली, आणि मधूनमधून सरकत्या ठोकळ्यांची किंवा गुंतलेल्या नळ्यांची कोडी आली. हे कोडे सोडवायचा कंटाळा आला तर ते ओलांडून पुढे जाण्याचे बटणही असते. मी ते वापरते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

परवाची गोष्ट. एका शिवणकामाच्या खोलीचे चित्र होते आणि इंग्रजी यादीत शेवटचे नाव उरले होते ‘बो’. मी धनुष्य शोधू लागले. भिंतीवरची कमान, खुर्चीची वाकलेली पाठ, पडद्याची दांडी, जे जे म्हणून वाकडे होते त्यावर क्लिक करून झाले. फार क्लिक केले की हे खेळ शिक्षा करतात : माऊसचा बाण काही सेकंद गरगर फिरत राहतो आणि ऐकेनासा होतो. ती शिक्षाही भोगून झाली. सूचनेचे बटण एकदा वापरले की हळूहळू पुन्हा भरते, आणि माझे नुकतेच कात्रीवर खर्च झाले होते. शेवटी मांडीवर हात ठेवून नुसती बघत बसले, तेव्हा समोरच्या बाहुलीच्या केसांत बांधलेली फीत दिसली. तोही ‘बो’च. चित्राच्या अगदी मध्यभागी होता आणि मी चारही कोपरे पालथे घालत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण तिचा असा सचित्र अनुभव दुसरीकडे कुठे मिळत नाही.

या फसवणुकीमागे कसब आहे, आणि लेखात त्याचा उल्लेख हवा होता. हिरव्या ठिपक्यांत एकच लाल ठिपका असला तर तो शोधावा लागत नाही, आपणहून डोळ्यांत भरतो. पण लाल गोल शोधायचा आहे आणि भोवती हिरवे गोलही आहेत व लाल फुल्याही आहेत, असे असले तर नजरेला एकेक खूण तपासत जावे लागते. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली याची जी मांडणी केली ती आजही प्रसिद्ध आहे. चित्रकार हेच हत्यार वापरतो. तपकिरी व्हायोलिन तो तपकिरी लाकडावर ठेवतो. साप दोरखंडाच्या वेटोळ्यात मिसळतो. कंगवा कुंपणाच्या पट्ट्यांना समांतर लावतो, म्हणजे त्याचे दात पट्ट्याच वाटतात. आणि सर्वांत दुष्टपणा म्हणजे आकार बदलणे : हत्ती शोधताना आपण मोठे काहीतरी शोधतो, आणि तो असतो कपाटाच्या मुठीवर कोरलेला, नखाएवढा.

अर्थात सगळेच चित्रकार इतके मन लावून काम करत नाहीत. स्वस्तात उरकलेल्या खेळांत वस्तू वरून चिकटवलेल्या असतात. खोलीतला उजेड डाव्या खिडकीतून येतो आणि चहाच्या किटलीवरची चमक मात्र उजवीकडून. टेबलावरच्या सगळ्या वस्तूंच्या सावल्या पडल्या आहेत आणि एकटी बरणी अधांतरी तरंगते आहे. असे दिसले की माझ्यातला मुद्रितशोधक जागा होतो आणि समासात काकपद, म्हणजे काही राहून गेल्याची खूण, काढावेसे वाटते. अशा खेळात वस्तू पटापट सापडतात, पण त्या सापडण्यात राम नसतो, कारण आपण वस्तू पाहिलेली नसते, जोडणीतला सांधा पाहिलेला असतो.

एक गोष्ट मला या खेळांमुळेच नीट उमगली. आमच्या धंद्यातला जुना अनुभव असा की गचाळ मुद्रितापेक्षा स्वच्छ मुद्रित जास्त दगा देते. पानागणिक दहा चुका असल्या की डोळा सावध असतो. वीस पाने कोरी गेली की एकविसाव्या पानावरची चूक हमखास निसटते. आम्ही याला आळस समजत असू आणि कनिष्ठांना रागावत असू. पुढे माझ्या वाचनात आले की मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रयोगांतून हेच दाखवले होते : शोधायची वस्तू क्वचितच समोर येत असेल, तर ती आल्यावरही नजरेतून सुटण्याचे प्रमाण खूप वाढते. सामानाची क्ष-किरण तपासणी करणाऱ्यांपुढे नेमकी हीच अडचण असते. खेळात ती नसते, कारण वस्तू तिथे आहेच हे आपल्याला ठाऊक असते. ही खात्री काढून घेतली तर पाच मिनिटांनंतर कोणीही उठून जाईल.

या खात्रीलाही अपवाद आहेत, आणि ते चवीने आठवावेत असे आहेत. विंडोजबरोबर येणाऱ्या फ्रीसेल या पत्त्यांच्या खेळात सुरुवातीला ३२,००० क्रमांकित डाव होते. खेळाडूंनी इंटरनेटवर ते आपसांत वाटून घेतले, चिकाटीने सगळे खेळून पाहिले, आणि एकच डाव कोणालाही सुटला नाही, क्रमांक ११९८२. तो सुटतच नाही हे पुढे संगणकानेही पक्के केले. सरकत्या पंधरा ठोकळ्यांच्या कोड्याचेही तसेच आहे. ठोकळे चौकटीतून काढून कसेही परत बसवले, तर संभाव्य रचनांपैकी निम्म्या रचना कितीही सरकवले तरी जागेवर येत नाहीत, हे १८७९ सालीच गणिताने सिद्ध झाले आहे. म्हणून संगणकावर हे कोडे विस्कटताना सुटलेल्या रचनेपासून उलटे सरकवत यावे लागते किंवा रचना आधी तपासून घ्यावी लागते. खेळाडूला न्याय मिळावा म्हणून पडद्याआड घेतलेली ही काळजी मला फार आवडते.

आता त्या औषधी गुणाविषयी. लेखकाने शिफारस चांगल्या हेतूनेच केली आहे यात शंका नाही, परंतु ती ज्या ठामपणे केली आहे तेवढा आधार तिला नाही. २०१० साली ‘नेचर’ या नियतकालिकात ११,४३० जणांवरील सहा आठवड्यांच्या सरावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. लोक ज्या कोड्यांचा सराव करत होते त्यांत तरबेज झाले, मात्र त्याचा फायदा इतर बौद्धिक कामांत उतरल्याचे दिसले नाही. २०१६च्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ल्युमॉसिटी या ‘मेंदूच्या व्यायामा’च्या सेवेवर फसव्या जाहिरातीचा ठपका ठेवला, आणि ते प्रकरण २० लाख डॉलर भरून मिटवले गेले. विशिष्ट प्रकारच्या प्रशिक्षणाचा मर्यादित लाभ दाखवणारे अभ्यासही आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु त्यांवरून अडगळीच्या खोलीत कंगवा शोधणाऱ्या प्रत्येकाला विस्मरणापासून अभय देणे, हे काही योग्य नव्हे.

आणि समजा, लाभ असता, तरी मी हाच आक्षेप घेतला असता. कादंबरी वाचणाऱ्याला आपण ‘त्याने रक्तदाब किती उतरला?’ असे विचारत नाही. खेळणारा माणूस प्रौढ असला, आणि त्यातून वयस्क असला, की मात्र त्याच्या प्रत्येक विरंगुळ्याला काहीतरी सबब जोडावी लागते. माझ्या एका मैत्रिणीने त्या लेखानंतर घड्याळ लावून खेळायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात सोडूनही दिले, कारण ‘आज व्हायचे राहिले’ अशी टोचणी तिला लागू लागली होती. पत्त्यांऐवजी माहजाँगच्या फरशा जुळवण्याचा जो एकट्याने खेळायचा खेळ आज घरोघरच्या संगणकांवर दिसतो, तो ब्रॉडी लॉकार्ड यांनी १९८१ साली प्लेटो या संगणकप्रणालीवर तयार केला. जिम्नॅस्टिक्सच्या अपघातात त्यांचे शरीर पांगळे झाले होते आणि कळा दाबण्यासाठी ते तोंडात काठी धरत. एवढ्या कष्टाने माणूस जी गोष्ट घडवतो तिला ‘वेळ घालवण्याचे साधन’ म्हणून हिणवणे जितके चुकीचे, तितकेच तिला गोळीच्या पाकिटात बसवणेही.

औषध म्हटले की आणखी एक नुकसान होते : चांगले-वाईट पारखणे थांबते. सगळेच गुणकारी, मग काय पाहायचे? फोनवरच्या एका फुकट खेळात मी एकदा रमले असताना ऐन रंगात ‘तुमची शक्ती संपली’ अशी पाटी आली. एक तर दोन तास थांबा, नाहीतर पैसे भरा. माझी शक्ती तर चांगली शाबूत होती. तिसरा पर्याय जाहिरात बघण्याचा होता आणि तिला बंद करण्याची फुली इतकी पुसट व बारीक होती की तो स्वतंत्र शोधखेळच म्हणावा. असे खेळ संपतही नाहीत, कारण ते संपवण्यासाठी घडवलेलेच नसतात. याउलट एकदाच विकत घ्यायचा, चार-पाच तासांत कथा पूर्ण करणारा, शेवट असलेला खेळ ही निराळीच वस्तू आहे. बिग फिशसारख्या कंपन्यांनी पूर्वीपासून तासभर फुकट खेळून मग ठरवण्याची मुभा दिली, ती मला पुस्तकांच्या दुकानात उभ्याने चार पाने वाचण्यासारखी वाटते. माझी निवड त्या तासातच पक्की होते.

म्हणून आपल्याला विनंती अशी की पुरवणीत पुस्तकांच्या परिचयाशेजारी कधीमधी अशा खेळांचाही परिचय छापावा. घड्याळ बंद करता येते का, अक्षरे मोठी करता येतात का, रंग ओळखण्यात अडचण असणाऱ्याला खेळता येईल का, मध्ये जाहिराती येतात का, आणि यादीतला ‘बो’ म्हणजे कोणता, हे कळायला सूचनेची चांगली सोय आहे का, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. चित्रे कोणी काढली हे ठाऊक असल्यास तेही द्यावे. वीस मिनिटे की दोन तास, हे आम्ही आमचे पाहून घेऊ.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. — त्या लेखात ‘एकाग्रता’ हा शब्द चार वेळा आला आहे आणि दुसऱ्या स्तंभात तळाकडे एकदा तो ‘एकाग्राता’ असा छापला गेला आहे. मला एवढी एकच सापडली. यादी दिलेली नसल्यामुळे आणखी आहेत की नाहीत, ते सांगता येत नाही.