एका मताचा हिशोब आम्ही दिला, पाठिंब्याच्या पत्राचा कोण देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पुण्यात शिक्षिका आहे, २०१९ च्या विधानसभेला मला इलेक्शन ड्युटी होती. २१ ऑक्टोबर, शाळेच्या मैदानात नुसता चिखल. संध्याकाळी मशीनचं क्लोज बटण दाबलं, टोटल बघितला तर रजिस्टरमधल्या सह्यांपेक्षा एक मत कमी. एकच, पण त्या एका मतासाठी आम्ही सगळे पाऊण तास रजिस्टर चाळत बसलो, शेवटी आठवलं की दुपारी एक आजोबा सही करून, बोटाला शाई लावून, गुडघे फार दुखतायत म्हणत मशीनपर्यंत न जाताच परत गेले होते आणि तो शेरा लिहायचा राहिला होता. तो लिहिला, मग १७ सी, म्हणजे केंद्रावर किती मतं पडली त्याच्या हिशोबाचा फॉर्म भरला, उमेदवारांच्या पोलिंग एजंटांच्या सह्या घेतल्या, प्रत्येकाला कॉपी दिली, सामान जमा करून घरी पोचायला साडेबारा वाजले. दमले होते पण समाधान होतं, की एका माणसाच्या मताचाही हिशोब लागतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २८८ पैकी भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, आणि बहुमताला लागतात १४५. एकत्र लढलेल्या भाजप-शिवसेना युतीकडे १६१ होते तरी मुख्यमंत्रिपदावरून तुटलं आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. त्याच दिवसांत परतीच्या पावसानं माझ्या माहेरी काढून ठेवलेल्या सोयाबीनला मोड आले होते. हेक्टरी ८ हजार, फळबागेला १८ हजार अशी मदत राज्यपालांनी जाहीर केली, मंत्री कोणी नव्हताच. भाऊ फोनवर विचारायचा, ताई, दाद मागायची कुणाकडे? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग २३ नोव्हेंबरची सकाळ. चहा घेत पेपर वाचत होते, त्यात शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसचं मुख्यमंत्री म्हणून उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याची बातमी, आणि समोर टीव्हीवर भाजपचे फडणवीस मुख्यमंत्रिपदाची आणि राष्ट्रवादीचे अजित पवार उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतायत. राष्ट्रपती राजवट पहाटे ५.४७ ला उठवली होती. राज्यपालांना राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्यांचं पत्र दिलं गेलं होतं, आणि शरद पवारांची बाजू म्हणत होती की त्या सह्या गटनेता, म्हणजे आमदारांचा नेता निवडण्यासाठी घेतलेल्या, पाठिंब्यासाठी नाहीत. खरं काय ते लोकांना कसं कळणार, पत्र आधी कोणी दाखवलंच नव्हतं! शेवटी सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत बहुमत सिद्ध करा, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण करा, आणि हा आदेश आला त्याच दिवशी, मतदानाआधीच, राजीनामा देऊन सरकार गेलं.

निकालानंतर पक्षांनी आघाडी करण्याच्या मी विरोधात नाही. लोकांनीच कोणाला एकहाती सत्ता दिली नसेल तर एकत्र बसावंच लागतं. १९९९ ला निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेले काँग्रेस आणि राष्ट्रवादी निकालानंतर एकत्र आले आणि पुढची १५ वर्षं तेच सत्तेत राहिले. माझं दुखणं लपवाछपवीचं आहे. बहुमत सभागृहातच मोजायचं हे सुप्रीम कोर्टाच्या बोम्मई निकालानं १९९४ लाच सांगितलंय, तरी २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला, कोण कोणाच्या बाजूनं ते नोंदलंच गेलं नाही. ३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारच्या ठरावाला मात्र डोकी मोजली, १६९ आकडा सगळ्यांनी बघितला. मग दरवेळी तसंच करा ना, त्यात अवघड काय आहे?

२०२४ ला महायुतीला स्पष्ट बहुमत आलं म्हणून हा विषय मागे पडलाय, पण मला वाटतं नियम करायचा तर आत्ताच, कोणाचं सरकार अडकलेलं नसताना. शपथविधीच्या आधी पाठिंब्याचं पत्र आमदारांच्या नावांसकट जाहीर करा. किमान समान कार्यक्रम, म्हणजे एकत्र आलेल्या पक्षांनी मिळून काय करायचं ठरवलंय तेही तेव्हाच द्या, निदान दोन दिवस आधी, २०१९ ला तो शपथेच्याच दिवशी काही तास आधी आला, तेवढ्यात कोण वाचणार आणि कोण प्रश्न विचारणार. आणि विश्वासदर्शक ठरावावरचं मतदान आमदारांची नावं पुकारून.

त्या रात्री मी टॉर्चच्या उजेडात पोलिंग एजंटांना १७ सी च्या कॉप्या दिल्या, त्यातला एक तर विशीतला पोरगा होता, त्यानं आकडे दोनदा वाचले, मला विचारून खात्री केली आणि मगच सही केली. पाठिंब्याचं पत्र राज्यपालांकडे जाईल तेव्हा त्याची कॉपी आम्हालाही अशीच वाचायला मिळाली पाहिजे.

आपली,
एक शिक्षिका, सिंहगड रोड, पुणे